शुद्ध केलेले दूषित भूजल कुठे आणि कसे सोडावे: खान्देशात नव्याने काम करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

पेट्रोल पंपाच्या जमिनीखालील टाकीला गळती लागते, इलेक्ट्रोप्लेटिंगच्या हौदातून वर्षानुवर्षे क्रोमियम झिरपत राहते, किंवा जुन्या कारखान्याच्या आवारात पुरलेला गाळ पावसागणिक विरघळत खाली जातो. असे दूषित झालेले भूजल उपसून शुद्ध करायचे ठरले की बहुतेक सगळी चर्चा शुद्धीकरण यंत्रणेभोवती फिरते. शुद्ध झालेले पाणी रोज कुठे जाणार, हा प्रश्न मात्र अहवालाच्या अखेरीस ‘जवळच्या नाल्यात’ अशा दोन शब्दांत मिटवला जातो. खान्देशात या दोन शब्दांइतका धोका संपूर्ण प्रकल्पात दुसरीकडे क्वचितच असतो, कारण इथला नाला वर्षातले सात-आठ महिने कोरडा असतो आणि त्यात सोडलेले पाणी वाहून जाण्याऐवजी जिरते. ते ज्या विहिरीत उतरते, तिच्यावर कोणाचे तरी घर आणि कोणाची तरी केळी अवलंबून असतात.

हा लेख कारखाना, सल्लागार संस्था किंवा शासकीय यंत्रणा यांपैकी कोणत्याही बाजूने या कामात नव्याने आलेल्या अभियंत्यांसाठी आहे. असा प्रस्ताव गावात आल्यावर नेमके काय विचारावे, हे समजून घेऊ इच्छिणाऱ्या ग्रामपंचायत सदस्यांनाही त्याचा उपयोग व्हावा.

पहिली पायरी: पाणी कुठे जाईल, ते पायी चालून पाहणे

यंत्रणेचे आरेखन हाती घेण्यापूर्वी नियोजित विसर्गबिंदूपासून नाल्याच्या पात्रातून खाली चालत जावे. पुढचा बंधारा, पाझर तलाव किंवा नदी येईपर्यंत थांबू नये. गावचा नकाशा, गट नंबर आणि वाट माहीत असलेला गावातलाच माणूस सोबत असावा. दोन्ही काठांवरच्या विहिरी आणि कूपनलिका, त्यांची खोली, पाण्याची पातळी आणि पाण्याचा वापर (पिण्यासाठी, गुरांसाठी की शेतीसाठी) यांची नोंद जागेवरच करावी. ही फेरी एकदा एप्रिल-मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये करणे आवश्यक आहे, कारण एकाच नाल्याचे या दोन महिन्यांतले वर्तन पूर्णपणे वेगळे असते.

भूस्तर कोणता आहे, यावर पुढचे बरेच काही ठरते. सातपुड्याच्या पायथ्याशी, म्हणजे चोपडा, यावल आणि रावेर तालुक्यांच्या उत्तर भागात, डोंगरातून वाहून आलेल्या गोटे-वाळूचा बझाडा पट्टा आहे. या पट्ट्यात नाल्याचे पाणी काही अंतर जाऊन दिसेनासे होते आणि दक्षिणेकडच्या तापीच्या गाळाच्या जलधराला (पाणी साठवणाऱ्या भूस्तराला) मिळते. तो गाळ काही ठिकाणी शंभर मीटरहून अधिक जाड आहे आणि त्याच्यावर केळीचा संपूर्ण पट्टा उभा आहे. यावल आणि रावेर हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी दीर्घकाळ ओळखले जातात. विहिरी जितक्या जोरात ओढतात, तितक्या वेगाने वरून जिरलेले पाणी त्यांच्याकडे येते, हे लक्षात घेतले की बझाडा पट्ट्यातील नाला हा विसर्गाचा मार्ग मानताच येत नाही. माझ्या मते अशा ठिकाणी नाल्याचा पर्याय पहिल्याच बैठकीत बाद करावा.

धुळे आणि साक्रीकडे बेसाल्ट खडक वर आलेला असल्यामुळे चित्र थोडे बदलते. तिथे पाणी पृष्ठभागावरून अधिक लांब जाते, मात्र खडकातील फटी आणि सांध्यांतून कोणत्या विहिरीत उतरेल याचा अंदाज बांधणे अवघड असते. पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धतीचे, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घेण्याच्या सिंचनपद्धतीचे, जुने बंधारे आहेत. नाल्याचे पाणी अशा बंधाऱ्यात पोहोचत असेल तर ते पाटाने थेट पिकाला मिळते, म्हणून तिथल्या पाटकऱ्याला पाळी कधी सुटते, हे विचारल्याशिवाय विसर्गाचे वेळापत्रक ठरवू नये. नंदुरबार जिल्ह्यात काम असेल तर तापी पुढे गुजरातमध्ये उकाई जलाशयाला मिळते, हेही ध्यानात ठेवावे. खालच्या अंगाचा पाणी वापरणारा माणूस दुसऱ्या राज्यात असला तरी आपली जबाबदारी कमी होत नाही.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे निरीक्षण विहिरींच्या पातळ्यांच्या जुन्या नोंदी असतात. त्या मिळवून भूजलाच्या प्रवाहाची दिशा नकाशावर काढावी आणि मगच पुढे जावे.

दुसरी पायरी: उपसायच्या पाण्याची पूर्ण ओळख

प्रदूषकांची यादी जागेच्या इतिहासावरून करावी. प्रयोगशाळेच्या तयार दरपत्रकावरून ती करू नये. इंधनगळती असेल तर बेंझिन, टोल्युइन, एथिलबेंझिन, झायलीन, तेल आणि ग्रीस. इलेक्ट्रोप्लेटिंग असेल तर एकूण व हेक्साव्हॅलंट (अधिक घातक रूपातले) क्रोमियम, निकेल, जस्त, सायनाइड. जुनी कीटकनाशके साठवलेले गोदाम असेल तर ती विशिष्ट रसायने तपासावीत. शिवाय सामू (पीएच), एकूण विद्राव्य क्षार, कठीणपणा, लोह, मँगनीज, सोडियम आणि नायट्रेट प्रत्येक ठिकाणी मोजावेत. यातले नायट्रेट बहुधा आजूबाजूच्या शेतांतून आलेले असते. ते आपल्या जागेतून आले नसले, तरी आपल्या पाइपातून बाहेर पडणार असल्याने त्याचा विचार टाळता येत नाही.

नमुना घेण्यात नवखा माणूस सर्वाधिक चुकतो, म्हणून इथे थोडे सविस्तर सांगतो. निरीक्षण विहिरीत साचून राहिलेले पाणी आधी उपसून टाकावे आणि सामू, विद्युतवाहकता व तापमान स्थिर झाल्यावरच नमुना भरावा. बेंझिनसारख्या उडून जाणाऱ्या द्रव्यांसाठी लहान काचेची कुपी काठोकाठ भरावी आणि आत हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नये. विरघळलेल्या धातूंसाठीचे पाणी जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून त्यात नायट्रिक आम्ल घालावे. हेक्साव्हॅलंट क्रोमियमच्या नमुन्यात मात्र आम्ल घालायचे नसते, आणि विशेष परिरक्षण केलेले नसेल तर त्याची तपासणी २४ तासांत व्हावी लागते. प्रयोगशाळा नाशिक, पुणे किंवा मुंबईला असेल तर नमुना दुपारी घेऊन रात्रीच्या गाडीने पाठवणे आणि तो सकाळी उतरवून घेणारा माणूस आधीच ठरवून ठेवणे, हा या चाचणीचाच भाग समजावा. मे महिन्यात जळगाव-भुसावळ भागात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या काळात बर्फाची पेटी सावलीतही फार वेळ टिकत नाही, म्हणून बर्फ बदलण्याची सोय वाटेत करावी.

तिसरी पायरी: विसर्गाचा पर्याय निवडणे

पर्यायांचा विचार पुढील क्रमाने करावा, असे मी सुचवेन. शुद्ध केलेले पाणी त्याच आवारात शीतकरणासाठी किंवा प्रक्रियेसाठी वापरता आले तर ते सर्वांत उत्तम, कारण तेवढा ताज्या पाण्याचा उपसा वाचतो. ते शक्य नसेल तर औद्योगिक वसाहतीचे सामाईक सांडपाणी शुद्धीकरण केंद्र किंवा शहराचा मैलाशुद्धीकरण प्रकल्प ते घेऊ शकतो का, हे लेखी विचारावे. अशा केंद्रातील जिवाणूंना क्रोमियम किंवा सायनाइड सोसवत नाही, त्यामुळे होकार मिळाला तरी प्राथमिक शुद्धीकरण आपल्याच जागेत पूर्ण करावे लागते.

शेतीला पाणी देण्याचा पर्याय खान्देशात लगेच पुढे येतो, कारण उन्हाळ्यात कोणतेही पाणी मागणारा शेतकरी भेटतोच. इथे फार सावध राहावे. तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण मोठे आहे. पाण्यातील सोडियम जास्त असेल तर ती फुगते, निचरा बंद होतो आणि अशी जमीन पूर्ववत होण्यास अनेक वर्षे लागतात. प्रदूषक मर्यादेत असले तरी क्षारांमुळे जमीन जाऊ शकते, ही बाब इंधनगळतीच्या प्रकल्पांत हमखास नजरेआड होते. कॅलिफोर्नियातील हिंकली येथे हेक्साव्हॅलंट क्रोमियम असलेले भूजल लसूणघासाच्या शेतांना देऊन मुळांभोवतीच्या जिवाणूंकरवी त्याचे कमी घातक त्रिसंयुजी क्रोमियममध्ये रूपांतर केले जाते, हे खरे आहे. परंतु ती शेते नियामकाच्या आदेशाखाली, सततच्या देखरेखीत चालणारी शुद्धीकरणाचीच एक यंत्रणा आहेत. शेजाऱ्याच्या केळीला किंवा भरीताच्या वांग्याला पाणी देण्यासाठी त्या उदाहरणाचा आधार घेऊ नये.

पाणी पुन्हा विहिरीत किंवा कूपनलिकेत सोडण्याचा विचार नियामकाच्या स्पष्ट लेखी परवानगीशिवाय करू नये. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २४ नुसार प्रवाहात किंवा विहिरीत प्रदूषक द्रव्य सोडण्यास मनाई आहे.

चौथी पायरी: संमतीपत्र

याच कायद्यातील ‘प्रवाह’ या संज्ञेत नदीबरोबरच वाहता किंवा त्या वेळी कोरडा असलेला जलमार्ग आणि भूगर्भातील पाणी यांचाही समावेश आहे. त्यामुळे ‘नाल्यात पाणीच नव्हते, मग प्रदूषण कसले’ हा युक्तिवाद टिकत नाही. नवा विसर्ग सुरू करण्यासाठी कलम २५ अन्वये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची पूर्वसंमती लागते. कारखान्याला सांडपाण्यासाठी संमतीपत्र आधीच मिळालेले असले तरी त्यात भूजल शुद्धीकरणाचा विसर्ग धरलेला नसतो, म्हणून सुधारित संमती घ्यावी.

अर्जासोबत विसर्गबिंदूचे अक्षांश-रेखांश, दररोजचा कमाल विसर्ग, कच्च्या (शुद्ध न केलेल्या) पाण्याचे किमान दोन ऋतूंतील अहवाल, यंत्रणेचा प्रवाह-आराखडा, पहिल्या पायरीत तयार केलेली विहिरींची यादी आणि यंत्रणा बंद पडल्यास काय करणार याची योजना जोडावी. पाणी धरणाच्या किंवा बंधाऱ्याच्या बुडीत क्षेत्रात जात असेल तर तापी पाटबंधारे विकास महामंडळाशी किंवा जलसंपदा विभागाच्या संबंधित कार्यालयाशी आधीच पत्रव्यवहार करावा. उपशासाठीही स्वतंत्र परवानगी लागते का, हे भूजल प्राधिकरणाकडून लेखी समजून घ्यावे. कायद्याने तसे बंधन असो वा नसो, ग्रामपंचायतीला प्रस्तावाची प्रत मराठीत द्यावी. ज्यांच्या विहिरी आपल्या यादीत आहेत, त्यांना हे पाणी येणार असल्याचे नंतर दुसऱ्याकडून कळू नये.

चार महिन्यांत मंडळाने निर्णय दिला नाही तर संमती मिळाली असे मानण्याची तरतूद कलम २५ मध्ये आहे. तिच्या आधारावर विसर्ग सुरू करण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. अशा मानीव संमतीत स्थळानुरूप मर्यादा लिहिलेल्या नसतात, आणि या कामात संरक्षण त्या मर्यादांमध्येच असते. घातलेली अट मान्य नसेल तर कलम २८ अन्वये ३० दिवसांत अपील करता येते.

दूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी केंद्र शासनाने २०२५ मध्ये पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली स्वतंत्र नियम अधिसूचित केले आहेत. आपली जागा त्या प्रक्रियेत आली असेल तर सुधारणा आराखडा आणि जल कायद्याची संमती यांचा मेळ घालावा. एक मिळाले म्हणजे दुसऱ्याची गरज संपली, असे गृहीत धरू नये.

पाचवी पायरी: मर्यादा ठरवणे

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या सहाव्या अनुसूचीत विसर्गाची सर्वसाधारण मानके आहेत. पृष्ठभागावरील अंतर्गत जलस्रोतासाठी सामू ५.५ ते ९, निलंबित घनपदार्थ १००, तेल व ग्रीस १०, जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी ३०, हेक्साव्हॅलंट क्रोमियम ०.१, एकूण क्रोमियम २, शिसे ०.१ आणि आर्सेनिक ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर अशी काही मूल्ये तिथे दिली आहेत. नवखा अभियंता हा तक्ता उचलून अर्जात उतरवतो आणि काम झाले असे समजतो. परंतु ही मानके पाणी एखाद्या वाहत्या जलस्रोतात मिसळेल, या कल्पनेवर उभी आहेत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी, म्हणजे आयएस १०५०० शी, त्यांची तुलना करून पाहावी. तिथे एकूण क्रोमियमची मर्यादा ०.०५ आणि आर्सेनिक व शिशाची ०.०१ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. म्हणजे अनुसूचीचे तंतोतंत पालन करणारे पाणी कोरड्या नाल्यातून विहिरीत उतरले, तर आर्सेनिकच्या बाबतीत ते पिण्याच्या मर्यादेच्या वीसपट असू शकते.

साधे गणित करून पाहू. समजा, दररोज ५० घनमीटर पाणी सोडायचे आहे आणि त्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियम ०.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, म्हणजे रोज ५ ग्रॅम क्रोमियम बाहेर पडते. ऑगस्टमध्ये नाला सेकंदाला १० लिटर, म्हणजे दिवसाला ८६४ घनमीटर वाहत असेल आणि त्यात मुळात क्रोमियम नसेल, तर मिश्रणातील प्रमाण ५ ग्रॅम भागिले ९१४ घनमीटर, म्हणजे सुमारे ०.००५५ मिलिग्रॅम प्रतिलिटर होईल. एप्रिलमध्ये त्याच नाल्याचा प्रवाह शून्य असतो, आणि मिश्रणातील प्रमाण ०.१ एवढेच राहते. म्हणून खान्देशातील हंगामी नाल्यासाठी मिसळण्याचा कोणताही लाभ न धरता, जिथे पाणी पोहोचणार त्या वापराचे मानक थेट पाइपाच्या तोंडाशी लावावे, असे माझे ठाम मत आहे. पावसाळ्यापुरती वेगळी, सैल मर्यादा मागण्याचा मोह टाळावा. पावसाने ओढ दिली की तिचा आधारच नाहीसा होतो.

तक्त्यात नसलेल्या पदार्थांकडे विशेष लक्ष द्यावे. सर्वसाधारण मानकांत बेंझिनचा उल्लेख नाही. सिंचनासाठीच्या स्तंभात आर्सेनिक आणि सायनाइड आहेत, पण क्रोमियमची जागा रिकामी आहे. रिकामी जागा म्हणजे मुभा नव्हे. बेंझिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची ०.०१ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा स्वतःहून प्रस्तावित करावी. एकाग्रतेबरोबर दिवसाला किती ग्रॅम सोडता येतील, ही भारमर्यादाही मागून घ्यावी, म्हणजे उपसा वाढवताना एकूण प्रदूषण गुपचूप वाढत नाही. अनुसूचीतील जैव चाचणी, ज्यात निव्वळ विसर्गाच्या पाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जगले पाहिजेत, सुरुवातीला अवश्य करून घ्यावी. आपण ज्या रसायनाचे नावही यादीत घातलेले नसते, त्याची चाहूल तीच देऊ शकते.

सहावी पायरी: विसर्ग सुरू करणे आणि सांभाळणे

सुरुवातीचे काही आठवडे पाणी सलग सोडू नये. दोन टाक्या बांधाव्यात. एक भरत असताना दुसरीचा नमुना तपासून घ्यावा आणि अहवाल आल्यावरच झडप उघडावी. प्रदूषक शोषून घेणाऱ्या सक्रिय कार्बनची पात्रे एकापुढे एक अशी दोन ठेवावीत आणि दोहोंच्या मध्ये नमुना घेण्याचा नळ असावा. मधल्या नळावर प्रदूषक दिसू लागले की पहिल्या पात्रातील कार्बन बदलायचा, दुसऱ्याला पहिल्याच्या जागी आणायचे आणि नवा कार्बन शेवटी जोडायचा. शेवटच्या नळावर दिसेपर्यंत थांबले तर उशीर झालेला असतो. बेसाल्टमधील पाणी बहुधा कठीण असल्यामुळे हवा फुंकून बेंझिन काढणाऱ्या मनोऱ्यात चुन्याचा थर साचतो आणि कार्यक्षमता हळूहळू घसरते. यासाठी दाबातील फरक रोज नोंदवावा. क्रोमियम फेरस सल्फेटने क्षपित करून (त्रिसंयुजी रूपात आणून) साक्यात, म्हणजे तळाशी बसणाऱ्या गाळात, उतरवत असाल तर शेवटी सामू पुन्हा तपासावा.

वीज जाणे ही इथली नेहमीची बाब आहे. वीज गेल्यावर विसर्गाची झडप आपोआप बंद झाली पाहिजे आणि वीज परत आल्यावर माणसाने तपासल्याशिवाय ती उघडता कामा नये. पंप आपोआप सुरू होतो पण रसायन सोडणारा छोटा पंप बंदच राहतो, अशी स्थिती उद्भवू नये म्हणून दोन्ही एकाच साखळीत जोडावेत.

नमुना घेण्याचा बिंदू शेवटच्या शुद्धीकरण पात्रानंतर आणि इतर कोणतेही पाणी मिसळण्याआधी असावा. कूपनलिकेचे पाणी मिसळून अहवाल मर्यादेत आणणे म्हणजे भूजल खर्चून प्रदूषण लपवणे होय. सुरुवातीला रोज, मग आठवड्याला आणि सलग समाधानकारक अहवाल आल्यावर महिन्याला, असा तपासणीचा क्रम संमतीपत्रातच लिहून घ्यावा. एकूण विसर्ग नोंदवणारा प्रवाहमापक लावावा आणि त्याचा आकडा ठरलेल्या वेळी नोंदवहीत लिहावा. नाल्याकाठच्या निवडक विहिरींचे नमुने विसर्गापूर्वी आणि नंतर प्रत्येक ऋतूत घ्यावेत व त्यांचे अहवाल विहीरमालकांना द्यावेत.

मंडळाचे अधिकारी कलम २१ अन्वये नमुना घेण्यास आले तर नमुन्याचे दोन भाग करून दोन्ही सीलबंद होतात आणि त्यांवर दोन्ही बाजूंच्या सह्या होतात. दुसरा भाग कायद्याखालील राज्य प्रयोगशाळेकडे पाठवावा, अशी विनंती करण्याचा आपला हक्क आहे. ती त्याच वेळी लेखी करावी. नंतर आठवण होऊन उपयोग नसतो.

मर्यादा ओलांडली गेली तर आधी विसर्ग थांबवावा, कारण नंतर शोधावे. अपघाताने प्रदूषक द्रव्य बाहेर गेल्यास कलम ३१ नुसार मंडळाला तत्काळ कळवणे बंधनकारक आहे. त्याच दिवशी खालच्या विहीरमालकांना आणि ग्रामपंचायतीलाही सांगावे आणि पिण्याच्या विहिरी यादीत असतील तर टँकरची सोय आपल्या खर्चाने करावी.

यंत्रणेतून निघणारा रासायनिक गाळ आणि वापरलेला कार्बन घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांखाली हाताळावा. साधारण ९० दिवसांहून अधिक काळ तो जागेवर साठवता येत नाही.

सातवी पायरी: विसर्ग बंद करणे

शुद्धीकरण पुरे झाले, हे कच्च्या पाण्याच्या एका चांगल्या अहवालावरून ठरवू नये. उपसा थांबला की भूजलपातळी वर येते आणि आधी कोरड्या राहिलेल्या थरातील प्रदूषक पुन्हा विरघळतात. खान्देशात बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडत असल्याने हा परिणाम ऑक्टोबरच्या नमुन्यात स्पष्ट दिसतो, तर मे महिन्यात पातळी खाली गेलेली असताना तोच नमुना स्वच्छ येऊ शकतो. त्यामुळे उपसा थांबवल्यावर किमान एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा निरीक्षण विहिरींची तपासणी चालू ठेवावी, तोपर्यंत यंत्रणा मोडू नये आणि संमतीपत्रही रद्द करून घेऊ नये. दोन्ही ऋतूंचे अहवाल मर्यादेत आले की ते मंडळाला आणि ग्रामपंचायतीला सादर करावेत, विसर्गाचा पाइप कायमचा बंद करावा आणि वापरात नसलेल्या उपसा विहिरी बेंटोनाइट किंवा सिमेंटने भरून घ्याव्यात, म्हणजे वरचे पाणी त्यांच्या वाटेने थेट जलधरात उतरणार नाही.